आवाज दत्तक देणे आहे

आत्याच्या फोनचं पोट सुटलं, तिथून आमच्या घराची झोप उडाली.

पोट सुटलं म्हणजे अक्षरशः सुटलं. मागचं झाकण फुगून वर आलं होतं आणि फोन टेबलावर ठेवला की डुलायचा. दुकानदारानं तो हातात घ्यायलासुद्धा नकार दिला. "काका, बॅटरी फुगलीय. ही बॅटरी आता कुठं मिळत नाही. चार्जिंगला लावलात तर जवळ बसू नका," असं म्हणून त्यानं मला नवा फोन विकला. मीही घेतला. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझा जन्म गेलाय. फुगलेला माल पास करणं माझ्या रक्तात नाही.

घरी आणून बघतो तर नव्या फोनमध्ये बोलपाटी उघडेना.

आता बोलपाटी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आत्या म्हणजे गोजाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण, मूळ चऱ्होलीची, आता आमच्याकडे राहणारी. हिनं मळ्यातून हाक मारली की नदीपलीकडच्या म्हशी मान वर करायच्या. तिच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. त्याआधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून ठेवा. माझ्या बायकोची, साधनाची, भाची योगिनी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं फोनवर चित्रांची बटणं करून दिली. तांब्या दाबला की आत्याच्या आवाजात पाणी मागितलं जातं, पंखा दाबला की पंखा. योगिनी भली पोर. तिनं ही बोलपाटी नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली, वर आतली सगळी कृतीही उघडी ठेवली, की ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, सुधारावी. यंत्राचा मराठी आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा येतो, म्हणून गावोगावचे पेशंट आत्याचाच आवाज वापरायला लागले. अशी आमची आत्या न बोलता महाराष्ट्रभर बोलत होती.

योगिनीला फोन लावला. मागे जुळी रडत होती, एक थांबलं की दुसरं.

"काका, ते सगळं जुनं झालंय हो. नव्या फोनसाठी पायापासून परत बांधायला लागेल. मला खरंच आता जमणार नाही."

"अगं, मग आत्यानं काय करायचं?"

"मोकळा कट्टा म्हणून एक ग्रुप आहे. पिंपरीत रविवारी जमतात. अशी उघडी सॉफ्टवेअरं लोक मिळून फुकट सांभाळतात. वाली नसलेली सॉफ्टवेअरं दत्तकही घेतात, पण तपासून. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत. अर्ज करा. आणि काका, आत्याआजीचा जुना फोन जपा. तो गेला तर…"

जुळ्यातलं दुसरं मोठ्यानं रडायला लागलं आणि तिनं फोन ठेवला.

अर्ज केला. कट्ट्याचा प्रमुख समाधान म्हणून, मूळ बीडकडचा, कंपनीत काम करून उरलेल्या वेळात हे उद्योग करणारा. फार गोड बोलणारा माणूस. आणि माझा अनुभव असा आहे की ऑडिटला आलेला माणूस गोड बोलायला लागला की फायली घट्ट धरायच्या.

"सर, प्रेमानं सांगायलोय," तो म्हणाला, "आपल्याकडं मागची तीन दत्तक बाळं अजून रांगायलेत. बोलपाटी घ्यावी का नाही यावर कट्ट्यात दोन मतं हायेत. लोक खरंच वापरतात का, ते दिसू द्या. वापरणाऱ्यांना म्हणावं, नेटवरच्या आपल्या पानावर येऊन दोन ओळी लिहा. पुढच्या रविवारी मतदान ठेवतो."

आता वापरणारे कुठे शोधायचे? ते पडले मुके. मी पार्किंगमध्ये विचार करत उभा होतो, तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन दादासाहेब आले. पिंपळे सौदागरमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही, पण सल्ला मिळतो. दादासाहेब पूर्वी युनियनमध्ये होते, त्यामुळे प्रश्न ऐकायच्या आधीच त्यांच्याकडे मागण्या तयार असतात.

"फुकट करतात?" त्यांनी डोळे बारीक केले. "मग त्यांचा इंटरेस्ट काय?"

"काही नाही. आवड."

"शेखरराव, पिंपरी-चिंचवडात आवड म्हणून कोणी जिना चढत नाही. असो. काम करून घ्यायचंय ना? मग समिती, फ्लेक्स आणि फॉरवर्ड. समिती मी बघतो. फ्लेक्सही मी बघतो. तुम्ही फक्त मजकूर लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. एवढी बिऱ्हाडं आहेत, कधी उपयोगी पडणार?"

मी म्हटलं, "पण आपल्या सोसायटीत वापरते एकटी आत्या."

"मग आत्याच्या वतीनं लिहितील! माणुसकी आहे की नाही?"

माणुसकीपुढे क्वालिटीवाल्याचं चाललं नाही. मी मजकूर लिहिला. 'नमस्कार. बोलपाटी अत्यंत उपयुक्त आहे. आमच्या घरातील (रुग्णाचे नाव लिहा) यांना खूप फायदा झाला. कृपया दत्तक घ्यावे.' आणि खाली: 'वरील मजकूर कॉपी करून दिलेल्या लिंकवर टाकणे. – शेखर, बी विंग.'

लोकांनी केलं. मानलं पाहिजे, मेंटेनन्स भरायला वर्षभर खाली न उतरणाऱ्या लोकांनी अर्ध्या तासात केलं. पण प्रत्येकानं जसाच्या तसा चिकटवला. 'आमच्या घरातील (रुग्णाचे नाव लिहा) यांना खूप फायदा झाला.' त्याखाली 'वरील मजकूर कॉपी करून दिलेल्या लिंकवर टाकणे. – शेखर, बी विंग.' पानभर तेच. एकट्या सी विंगच्या ज्योतीरामनं डोकं वापरलं आणि रुग्णाच्या जागी आपल्या सासूबाईंचं नाव घातलं. त्या बाईंना वाचा नाही असं म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि त्यांच्या कानावर ते गेल्यावर ज्योतीरामचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी आपापल्या बाल्कनीतून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या इंदुताईंचा फोन आला. त्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज थंड आणि सरळ.

"शेखरराव, वैयक्तिक घेऊ नका. पण 'रुग्णाचे नाव लिहा' या एकाच पेशंटला तुमच्या सोसायटीत इतक्या घरी फायदा झालाय, की त्या पेशंटला भेटायची मला इच्छा आहे."

माझे कान गरम झाले. आयुष्यभर मी लोकांचा माल परत पाठवला, लाल शिक्का मारला, 'कारण काय ते लिहून द्या' म्हणून भल्याभल्यांना उभं केलं. आणि आता मीच कारण लिहून देत होतो. तरी ताई थांबल्या नाहीत. माझ्यासारखीच जात. एक खोट सापडली म्हणून त्यांनी सगळी पेटी उघडली आणि बोलपाटीतलं प्रत्येक बटण दाबून ऐकलं. संध्याकाळी परत फोन.

"हा शेखर कोण?"

"मीच."

"मग हे ऐका," असं म्हणून त्यांनी लावलं. फोनमधून आत्या कडाडली, "पानी दे शेखऱ्या, का इहिरीवर धाडू तुला?" मग पंख्याचं: "फॅन बंद कर मुडद्या, थंडी वाजती." मग चहाचं: "च्या टाक. तू नगं, तुझ्या बायकोला टाकू दे."

झालं होतं असं, की आवाज भरायच्या दिवशी योगिनीनं छान यादी आणली होती. 'मला पाणी हवे आहे.' आत्या म्हणाली, असं कोण बोलतं, मामलेदार? आणि तिनं आपल्या पद्धतीनं बोलायला सुरुवात केली. माइक मी धरला होता. माइक धरणारा समोर असला की आत्या दुसऱ्या कोणाशी बोलणार?

"आमच्या आचारसंहितेत खऱ्या माणसाचं नाव घेऊन अपमान करणारं काही चालत नाही," इंदुताई म्हणाल्या. "नाव असलेली वाक्यं काढावी लागतील, नाहीतर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी. आणि जिचा आवाज आहे तिची संमती कुठंय? ती कागदोपत्री घेतलीच नाही कोणी."

मी घाईनं म्हटलं, "वाक्यं काढून टाका." खरं सांगतो, मला आनंदच झाला. लातूर, परभणी, रत्नागिरी, कुठे कुठे माझ्या नावानं मुडद्या मुडद्या चाललंय, ही कल्पना काही सुखाची नव्हती. माणसाला अब्रू म्हणून काही असते.

साधना म्हणाली, "आणि काढल्यावर उरेल काय?"

हिशोब केला. नाव नाही अशी फार थोडी बटणं उरत होती. 'व्हय', 'न्हाई', 'गप ए', आणि असलीच किरकोळ.

इकडे जुना फोन दिवसेंदिवस फुगत चालला. आम्ही तो बाल्कनीत स्टीलच्या परातीत ठेवून चार्ज करायचो. परातीशेजारी साधनानं कुंडीतली माती काढून बादलीत भरून ठेवली होती. दाराच्या फटीतून मी बघत बसायचो. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. आत्या बोलेनाशी झाली. सकाळी चहा गार दिला तरी बटण नाही, पंखा भणाणत होता तरी बटण नाही. नुसती खूण करायची. पहिल्यांदा वाटलं, रुसली. मग लक्षात आलं, ती चार्जिंग वाचवत होती. जन्मभर जिची जीभ खाली बसली नाही, ती बाई शब्द पुरवून पुरवून वापरत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हिनं एकदा मला शिवी द्यावी.

संमतीचा कागद समाधाननं पाठवला. मी तो आत्यासमोर वाचला: 'मी माझा आवाज कोणालाही, कोणत्याही चांगल्या कामासाठी, कायमचा, विनामूल्य वापरण्यास, जुळवण्यास व पुढे देण्यास परवानगी देते. माझे वारस यावर हक्क सांगणार नाहीत.'

आत्यानं परत वाचायला लावलं. मग फोन उचलला, चार्जिंगची पर्वा न करता बटण दाबलं. "न्हाई."

आता हे समजायला चऱ्होली माहीत पाहिजे. तिथं गेली काही वर्षं शेतात पीक कमी आणि बिल्डर जास्त. आत्याचे शेवटचे पाच गुंठे तीन बाजूंनी टॉवरनी वेढलेत, आणि चौथ्या बाजूनं पेढ्यांचे बॉक्स येतात. पेढे ती खाते, सही करत नाही. बिल्डर कशाला, माझ्या वडिलांनी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलं तेव्हा बाकीच्यांनी साडीचोळीवर सह्या केल्या. ही म्हणाली, साडी ठेव हितं, कागद ने. त्यावरून भाऊबहीण कितीतरी दिवाळ्या बोलत नव्हते. अशा बाईसमोर मी 'कायमचा, विनामूल्य, वारसांचा हक्क नाही' असं ठेवलं होतं.

ती उठली आणि फ्रीजवरच्या पांढऱ्या पाटीवर दुधाचा हिशोब पुसून तिनं लिहिलं, 'ह्ये बक्षीसपत्र हाय.'

"अगं आत्या, तसं नाही. तुझा आवाज तुझ्याकडेच राहणार. लोक फक्त वापरणार."

तिनं लिहिलं, 'वहिवाट झाली की जागा जाती.'

दादासाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "दुपारी झोपल्यावर अंगठा घ्या." साधनानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा न घेता गेले. आमच्या घरी चहा न घेता गेलेला हा पहिला चेअरमन.

रविवार उजाडला. सही नाही, समिती आहे, आणि फोन असा फुगलेला की झाकण एका कडेनं उघडलेलं. तरी निघालो. म्हटलं, कट्टेवाले आत्याला प्रत्यक्ष बघू देत, मग ठरवू देत. रिक्षात आत्या मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साधना, आणि फोन आत्याच्या मांडीवर पिशवीत. पिंपरी कॅम्पच्या अलीकडे सिग्नलला वास आला. बघतो तर पिशवीतून धूर!

"फेका, फेका!" रिक्षावाला ओरडला. मी पिशवी बाहेर टाकली, त्यानं आपली पाण्याची बाटली तिच्यावर ओतली, मागच्या टेम्पोवाल्यानंही ओतली. माणुसकी म्हणजे ही. सिग्नल सुटला, मागून हॉर्न. धूर थांबला तेव्हा फोन काळा ठिक्कर पडला होता.

आत्यानं तो ओला तसाच उचलला. पदरानं पुसला. तांब्याचं चित्र असायचं तिथं बोट ठेवलं. मग पंख्याच्या जागी. मग कुठंतरी, कुठंही. काही नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी रस्त्याकडे बघायला लागलो. साधनानं तिचा हात धरून ठेवला, ती रडत होती.

कट्ट्याचा हॉल एका कापडाच्या दुकानावर होता. जिन्याच्या तोंडाशीच दादासाहेबांचा फ्लेक्स. 'बोलपाटी दत्तक घेतल्याबद्दल मोकळा कट्टा परिवाराचे हार्दिक अभिनंदन!' मतदान व्हायचं होतं. वर दादासाहेब, हात जोडलेले, पूर्ण उंचीचे. खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, सगळे गोल गोल. आणि कोपऱ्यात आत्याचा फोटो. फ्लेक्सवाल्याकडे म्हाताऱ्या बाईंच्या फोटोसाठी एकच तयार चौकट असावी. ती काळी होती आणि तिच्याखाली समई होती.

वर पोचलो तर इंदुताई दारातच भेटल्या. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "फार वाईट झालं शेखरराव. खाली फ्लेक्सवर आत्यांचा फोटो बघितला. आम्ही सभा पुढं ढकलू का?"

माझ्यामागून आत्या जिना चढून वर आली.

इंदुताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. समाधान पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. दादासाहेब म्हणाले, "आयुष्य वाढतं म्हणतात," आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

सभा सुरू झाली. आणि मी तुम्हाला सांगतो, आयएसओच्या ऑडिटला मला इतका घाम कधी फुटला नव्हता. इंदुताईंनी मुद्दे मांडले. एकही खोटा नव्हता, तीच तर पंचाईत होती. पाठिंबा नकली. आवाजाची संमती नाही. खऱ्या माणसाच्या नावानं शिव्या. आणि घेतलं तर सांभाळणार कोण? चेक्सचा शर्ट घातलेला एक तरुण उठला. "मी स्पष्ट बोलतो. आपण आधीच दमलोय. हे आणखी एक घ्यायचं आणि धूळ खात ठेवायचं, त्यापेक्षा नाही म्हणणं बरं." बऱ्याच माना हलल्या.

मला बोलायला सांगितलं. मी भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं.

"तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे," मी म्हटलं. "मी तुमच्या जागी असतो तर हा माल दारातूनच परत पाठवला असता. पाठिंबा मी लिहून दिला, तो माझा गाढवपणा. पण हिचा फोन आत्ता येताना जळला. सकाळपर्यंत हिला आवाज होता. आत्ता नाही. मला दुसरं काही बोलता येत नाही." आणि मी खाली बसलो.

आत्या मांडीवरचा काळा फोन दोन्ही हातांनी धरून बसली होती.

समाधान म्हणाला, "एक जण जिंतूरहून व्हिडिओवर हायेत. साहेबराव. एसटीत होते, आता अर्धांगवायूनं वाचा गेली. त्यांच्या घरून आलेला मजकूर कॉपी केलेला नव्हता, म्हणून मी बोलावलंय."

भिंतीवरच्या पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ दिसले, टोपी घातलेले, मांडीवर जुना फोन. शेजारी त्यांच्या बायको, शालनबाई. त्या कॅमेऱ्याकडे न बघता छताकडे बघून बोलत होत्या.

इंदुताईंनी विचारलं, "बाई, त्यातल्या वाक्यांत शेखर नावाच्या माणसाला शिव्या आहेत. त्या काढल्या तर तुम्हाला चालेल ना?"

"काढू नका माय," शालनबाई एकदम म्हणाल्या. "आमच्या घरात शेखर न्हाई कुणीच. म्हणून ह्यांनी समद्यांनाच शेखर केलंय. सून शेखर, नातू शेखर, दूधवालाबी शेखर." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. त्या थांबल्या. "मीबी शेखरच. हसाल तुमी. पण लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली न्हवती. आमच्यात मारत न्हाईत. अगं, ऐकलं का, एवढंच. आता सकाळी उठलं की, शेखऱ्या, म्हणतेत. मी ओ देते. ते काढलं तर मला हाक कोण मारंल?"

शालनबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला. साहेबरावांचं बोट फोनवर गेलं, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून आत्या बोलली. मोठ्यानं, पूर्वीसारखी, म्हशींनी मान वर करावी अशी.

"शेखऱ्या, हितं ये. जवळ बस."

आत्या दचकून मागे वळली. कोण बोललं ते बघायला. मागे दादासाहेब होते, त्यांनीही मागे बघितलं. मग आत्या परत पडद्याकडे वळली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं. हातातला काळा फोन तिनं खुर्चीवर ठेवला, उठली, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. साहेबरावांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं हवेत सही केल्यासारखा हात हलवला.

मला वाटलं मी चुकीचं बघतोय. साधनानंच पर्समधून कागद काढला. आत्यानं तो भिंतीला लावला. पेन घेऊन सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत आधी लिहिलं, 'येकबी शब्द काढायचा न्हाई.' मग सही केली, अक्षर अक्षर ठळक. जी सही सख्ख्या भावाला मिळाली नाही, ती तिनं जिंतूरच्या एका परक्या माणसाला दिली.

इंदुताईंनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारण्याची मी वाट बघितली नाही. मागच्या बाजूला लिहून दिलं: 'मी, शेखर, राहणार पिंपळे सौदागर, माझ्या नावाने जगात कोणीही, कोणालाही, केव्हाही मुडदा म्हणावे, माझी हरकत नाही.' खाली सही. दादासाहेबांनी पुढे होऊन समिती अध्यक्ष म्हणून साक्षीदाराची सही केली. कोणी मागितली नव्हती.

"पण सांभाळणार कोण?" तो चेक्सचा शर्ट परत म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. समाधाननं हात वर केला. एकच हात. सभेत तो फार एकटा दिसत होता. मी हॉलभर बघत होतो, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मग इंदुताई म्हणाल्या, "मला नवीन लिहिता येत नाही. पण चुका शोधता येतात. त्या मी शोधेन," आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागून आणखी हात आले, एकेक करत, संकोचानं. चेक्सच्या शर्टानं विरोधात मत दिलं आणि विरोधात लिहूनही घ्यायला लावलं. तरीही बोलपाटी दत्तक गेली.

दादासाहेब पेढे काढायला लागले. खाली फ्लेक्स खरा ठरल्यानं ते कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. समाधाननं आपला लॅपटॉप आत्यापुढे ठेवला. "आज्जी, फोनवर यायला महिने लागतील, खोटं सांगत न्हाई. पण यावर तुमची बटणं उघडलीत. तोवर हे घरी न्या."

आत्यानं बटणं बघितली. बोट तांब्यावर गेलं, पंख्यावर गेलं, वर-खाली फिरत राहिलं. तिला साहेबरावांना काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, हे मला कळत होतं. पण चांगलं म्हणून त्यात एक वाक्य नव्हतं. ती तसं कधी बोललीच नव्हती, तर भरणार कुठून?

पडद्यावर साहेबराव अजून होते. शालनबाई फोन बंद करायला पुढे वाकल्या, तर त्यांनी हातानं त्यांना थांबवलं. बोट सावकाश सरकलं, थांबलं.

"शेखऱ्या, जेवलास का?"

"नाही अजू—" मी उभा राहून म्हणालो, आणि साधनानं माझा हात खाली ओढला.

माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. साहेबराव आत्याकडे बघत होते. आत्यानं डोळ्यांना पदर लावला, मान हलवली, आणि लॅपटॉपवर बोट टेकवून आपल्याच आवाजाला आपल्याच आवाजात उत्तर दिलं.

"न्हाई अजून. तू जेव."